तक्त्यात नसलेली बॅट

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आठ माणसांच्या गटाची प्रमुख झालीस, याचा आनंद आहेच; पण पत्राच्या शेवटी तू घाईघाईने खरडलेला प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटला. महिनाअखेरपर्यंत स्वतःची आणि गटातल्या प्रत्येकाची वार्षिक उद्दिष्टे भरून द्यायची आहेत, नमुना म्हणून कोणीतरी तुला ओहतानी या जपानी बेसबॉलपटूचा तो चौकोनांचा तक्ता पाठवला आहे, आणि ‘काका, तुम्ही जपानमध्ये होतात, हा भरायचा कसा?’ असे तू विचारले आहेस. तो भरायचा कसा, हे सांगायला पाच मिनिटे पुरतील. वाचायचा कसा, हे सांगायला मात्र हे पत्र लागेल.

नागोयाजवळच्या एका कारखान्यात मी दोन वर्षे प्रशिक्षणासाठी होतो. ऑगस्टमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिथल्या कँटीनच्या टीव्हीवर शाळकरी मुलांची कोशिएन मैदानावरची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा चालू असे आणि एरवी घड्याळाकडे बघत जेवणारी माणसे ताट समोर ठेवून तिच्यात गुंग होत. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो खेळ आधी अर्धवट वाटला. चेंडू टप्पा न पडता येतो, फलंदाज बहुतेक वेळा हात हलवत परत जातो, आणि तरी लोक टाळ्या वाजवतात. पुढे शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला स्कोअर लिहायला शिकवले आणि मग खेळ दिसू लागला.

आता तुझ्या तक्त्याकडे येतो. शोहेई ओहतानी इवाते प्रांतातल्या हानामाकी हिगाशी या शाळेत पहिल्या वर्षाला होता, तेव्हा प्रशिक्षक हिरोशी सासाकी यांच्या हाताखाली त्याने तो भरला. मधोमध एक ध्येय, त्याच्याभोवती आठ उपध्येये, आणि त्या प्रत्येकाभोवती पुन्हा आठ कामे, असे नऊ नव्वे एक्याऐंशी चौकोन. जपानी लोक त्याला मंडलाचा तक्ता म्हणतात. शब्द आपलाच आहे, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आणि आता व्यवस्थापनाच्या वर्गांतून इकडे परत आलेला. मधल्या चौकोनात त्या मुलाने लिहिले होते की आपण आठ संघांची पहिली पसंती व्हायचे. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये बारा संघ आहेत. दरवर्षी प्रत्येक संघ नव्या खेळाडूंतून आपली पहिली पसंती जाहीर करतो आणि एकाच नावावर अनेकांनी बोट ठेवले तर चिठ्ठ्या टाकतात. म्हणजे बारापैकी आठ संघ आपल्यासाठी चिठ्ठ्या टाकायला बसले पाहिजेत, अशी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची ती महत्त्वाकांक्षा होती.

भोवतीचे आठ चौकोन होते शरीर, चेंडूवरील नियंत्रण, चेंडूची धार, ताशी 160 किलोमीटरचा वेग, वळणारे चेंडू, मनोबल, माणूसपण आणि नशीब. शरीराच्या चौकोनाशेजारी एक नोंद आहे, ती मला फार आवडते: भात, रात्री सात वाट्या आणि सकाळी तीन. एवढे मोठे स्वप्न बघणाऱ्या मुलाने वाट्या मोजल्या. नशिबाचा चौकोन पाहून मला प्रथम हसू आले होते, कारण नशीब हे काय उद्दिष्टात लिहायचे असते? पण त्याच्याभोवती त्याने काय लिहिले ते बघ: भेटेल त्याला अभिवादन करणे, पडलेला कचरा उचलणे, खोली आवरणे, खेळाचे साहित्य जपून वापरणे, पंचांशी नीट वागणे, पुस्तके वाचणे, मनात चांगले विचार ठेवणे, लोकांना ज्याच्या पाठीशी उभे राहावेसे वाटेल असा माणूस होणे. नशीब हातात नसते हे त्याला ठाऊक असावे. म्हणूनच त्याच्या शेजारची आठही कामे उद्या सकाळपासून करता येतील अशी आहेत. तुझ्या पत्रासोबतच्या मसुद्यात ‘ग्राहकांचे समाधान वाढवणे’, ‘संघभावना दृढ करणे’ अशी वाक्ये आहेत. त्यांतले कोणते वाक्य घेऊन सोमवारी सकाळी नऊ वाजता काम सुरू करता येईल, हे मला सांग.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. 2012 च्या जुलैमध्ये कोशिएनसाठीच्या इवाते प्रांताच्या पात्रता स्पर्धेत ओहतानीने ताशी 160 किलोमीटरचा चेंडू टाकला, म्हणजे कडेचा एक अवघड चौकोन पुरा झाला. पण त्याचा संघ अंतिम सामना हरला आणि त्या उन्हाळ्यात कोशिएनला गेलाच नाही. आणि मधला चौकोन? शरद ऋतूत संघांनी पसंती जाहीर केली, तेव्हा आठ नव्हे, एकाच संघाने त्याचे नाव घेतले. काही दिवस आधी त्याने आपण थेट अमेरिकेत जाणार असल्याचे सांगून टाकले होते आणि बाकीच्यांनी नाद सोडला होता. ज्या तक्त्याच्या प्रती आज कचेऱ्यांच्या भिंतींवर लागतात, त्याचे मुख्य ध्येय अक्षरशः पुरे झालेच नाही. मुलगा मोठा होता होता त्या ध्येयाच्या पुढे निघून गेला. भात, व्यायाम आणि आवरलेली खोली मात्र वाया गेली नाही.

याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. ते एक्याऐंशी चौकोन पुन्हा नीट वाच आणि त्यात बॅट शोध. तुला ती आठ उपध्येयांत कुठेही सापडणार नाही. तो तक्ता पूर्णपणे पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा आहे. चेंडू टाकणे आणि फटकावणे या ज्या दुहेरी कौशल्यामुळे जग आज ओहतानीला ओळखते, त्याला त्याच्या स्वतःच्या ध्येयांमध्ये चौकोनच नव्हता.

तो चौकोन दाखवला हिदेकी कुरियामा यांनी. ज्या एका संघाने त्याचे नाव घेतले, त्या होक्काइदो निप्पॉन हॅम फायटर्सचे ते तेव्हाचे मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक. स्वतः खेळाडू म्हणून आजारपणामुळे 29 व्या वर्षी निवृत्त झालेले, पुढे अनेक वर्षे क्रीडा-समालोचक असलेले, आणि कुठल्याही संघाचे प्रशिक्षण न करता 2012 मध्ये थेट मॅनेजर झालेले हे गृहस्थ. अमेरिकेला निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलाची मनधरणी करताना त्यांच्या संघाने त्याला तुझे स्वप्न सोड असे म्हटले नाही. कोवळ्या वयात परदेशी गेलेल्या जपानी खेळाडूंचे पुढे काय झाले, याचा अभ्यास करून ‘स्वप्नाकडे नेणारी खूण’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक टिपण त्याच्यापुढे ठेवले. आणि सोबत असा प्रस्ताव दिला की आमच्याकडे तू चेंडूही टाकशील आणि बॅटही धरशील. त्या काळी हे ऐकून अनेक जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. पहिल्या वर्षी, 2013 मध्ये, त्याच्या नावावर पिचर म्हणून तीन विजय आणि बॅटने तीन होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, एवढीच कमाई होती, त्यामुळे नाके मुरडणाऱ्यांना बोलायला जागाही होती. कुरियामांनी वेळापत्रक त्याच्या शरीराकडे बघून आखले आणि वाट पाहिली. 2016 मध्ये तो संघ जपानचा विजेता झाला.

म्हणून तुझ्या आठ जणांना कोरे तक्ते वाटून ‘भरून आणा’ असे सांगू नकोस. माणूस स्वतःचा तक्ता भरतो तेव्हा त्याला जे येते आणि जे दिसते तेच लिहितो. त्याच्या हातात दुसरे काय आहे हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसते, आणि तिथे उभे राहण्यासाठीच तुला बढती मिळाली आहे. अर्थात कुरियामांनाही ती बॅट स्वप्नात दिसली नव्हती. शाळेत त्या मुलाला चेंडू फटकावताना लोकांनी पाहिले होते. तूही आधी पाहा.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुझ्या मसुद्यातले ‘शून्य चुका’ हे उद्दिष्ट वाचून मला ती आठवली. बेसबॉलच्या धावफलकावर धावा आणि हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारे फटके, यांच्या शेजारी तिसरा आकडा असतो तो चुकांचा. झेल सुटला, फेक भलतीकडे गेली की तो आकडा सर्वांदेखत वाढतो. पण साधारण प्रयत्नाने जमायला हवे होते ते जमले नाही तरच अधिकृत स्कोअरर चूक मांडतो. चेंडूपर्यंत जो पोहोचलाच नाही, त्याच्या नावावर सहसा चूक लागत नाही. त्यामुळे जो जीव तोडून धावतो आणि ज्याच्या हातमोज्याला लागून चेंडू निसटतो, त्याच्या चुका जास्त दिसू शकतात, आणि जो दोन पावले कमी धावतो त्याची पाटी कोरी राहते. हे मला त्या वयस्कर सहकाऱ्याने स्कोअर लिहिताना समजावले होते, मी मानही डोलावली होती, आणि परत येऊन पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक झाल्यावर माझ्याच विभागाला शून्य चुकांचे उद्दिष्ट दिले. तीन महिने तक्ता झकास दिसत होता. मग एके दिवशी बाकाखाली झाडताना एक खोके निघाले, वर फडकी टाकलेले आणि आत नाकारलेले सुटे भाग भरलेले. ज्या मुलाने ते लपवले होते तो विभागातला सर्वांत कामसू मुलगा होता. अवघड कामे तोच अंगावर घेत असे, म्हणून त्याचेच भाग जास्त बिघडत. मी त्याला रागावलो नाही, पण त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली. तुझ्या उद्दिष्टात चुकांचा आकडा ठेवायचाच असेल, तर शेजारी कोण किती अवघड चेंडूंमागे धावले याचीही नोंद ठेव.

शेवटची गोष्ट 2023 ची. जागतिक बेसबॉल स्पर्धेत जपानचे मॅनेजर तेच कुरियामा होते. मुनेताका मुराकामी हा त्यांचा मुख्य बॅटर. आदल्या वर्षी त्याने जपानी लीगमध्ये 56 होमरन मारले होते, आणि या स्पर्धेत मात्र त्याची बॅट गप्प होती. कुरियामांनी त्याला संघाबाहेर काढले नाही, आणि काहीच घडत नसल्यासारखे डोळेही मिटले नाहीत; उपांत्यपूर्व सामन्यापासून फलंदाजीतल्या चौथ्या क्रमांकाचा भार योशिदा या दुसऱ्या बॅटरवर देऊन मुराकामीला पाचव्यावर आणले. मायामीतल्या उपांत्य सामन्यात मेक्सिकोविरुद्ध शेवटची इनिंग, म्हणजे डाव, आली तेव्हा जपान 4-5 असा मागे होता आणि मुराकामी त्या दिवशी तीनदा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू फटकावता न आल्याने बाद, झाला होता. ओहतानीने चेंडू फटकावला, डोक्यावरचे हेल्मेट भिरकावून दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या थांब्यापर्यंत, धावला आणि तिथून आपल्या संघाकडे दोन्ही हात उंचावून ओरडू लागला. योशिदा चार चेंडू बाहेर गेल्यामुळे पहिल्या बेसवर गेला. अशा वेळी जपानी पद्धतीचा शहाणपणा सांगतो की बंट करावा, म्हणजे बॅटर स्वतःचा बळी देऊन धावपटूंना एक-एक बेस पुढे सरकवतो. त्यासाठी बदली खेळाडूला तयार राहायलाही सांगितलेले होते. कुरियामांनी मुराकामीकडे निरोप पाठवला की ही वेळ तुझ्यावर सोपवली आहे. चेंडू समोर थेट मैदानाच्या कडेच्या भिंतीपर्यंत गेला, दोघेही धावपटू धाव पुरी करून घरी आले आणि सामना 6-5 असा संपला.

भरवसा म्हणजे काय, असे तू मागे विचारले होतेस. त्या निरोपाआधी पर्याय तयार होता, ओझे हलके केलेले होते, आणि तरी निर्णय घेताना तो मुराकामीच्या कानावर पोहोचेल अशी व्यवस्था केली होती. यातला तिसरा भाग आपण प्रमुख मंडळी नेहमी विसरतो. मनात भरवसा ठेवतो आणि सांगायचे राहून जाते.

अंतिम सामना आपल्याकडे गुढीपाडव्याच्या पहाटे सुरू झाला. तुझी काकू अंगणात काठीला रेशमी खण बांधून मला हाका मारत होती आणि मी फोन हातात धरून ओहतानी विरुद्ध अमेरिकेचा माइक ट्राउट ही शेवटची झुंज बघत होतो. जपान 3-2 असा जिंकला तेव्हा ऊन अंगणात आले होते. गुढीला उशीर झाल्याबद्दल त्या दिवशी मी बरेच ऐकून घेतले.

तर आता एवढे कर. मधला चौकोन पेन्सिलीने लिही. तुझ्या आठ जणांपैकी प्रत्येकाला पुढचे दहा दिवस काम करताना बघ, आणि त्याने स्वतः लिहिले नसते असे काही दिसले तर वहीत टिपून ठेव. पुढच्या रविवारी ती वही घेऊन जेवायला ये. वाट्या मोजणार नाही.

तुझा,
काका