रात्री दोनचं वळवणं

"मॅडम, मी आता नर्स कमी आणि क्लार्क जास्त झालेय. सोडून देऊ का नोकरी?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या सिस्टरांनी आणलाय की आता तो ऐकला की मी आधी चहा सांगते. दादरला स्टेशनजवळ माझी समुपदेशनाची खोली आहे. परळच्या हॉस्पिटलांमधून नाइट संपवून गाडी पकडायला येणाऱ्यांना ती वाटेवर पडते. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि नावाऐवजी त्यांना सिस्टरच म्हणते. तसंही तेवीस वर्षांत वॉर्डात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, डोंबिवलीला घर, खासगी हॉस्पिटलात नोकरी, नाइट आठ ते आठ. दिवसा झोप नाही, पित्त उसळतं, मुलीवर उगाच ओरडणं होतं. कारण त्यांच्या मते एकच, टॅब. पेशंट पडण्याचा धोका किती, दुखणं दहापैकी किती, पाठीला जखम व्हायची शक्यता किती, सगळ्याचे आकडे भरायचे. हॉस्पिटलच्या मानांकनाचं ऑडिट तोंडावर. शिवाय बीएस्सी झालेली नवी मुलं डॉक्टरांना सरळ म्हणतात, "सर, हा डोस परत एकदा बघता का?" "आमच्या वेळी असं बोललो असतो तर मेट्रनने दारात उभं केलं असतं!" हे सांगताना त्या हसल्या, पण त्यात थोडा हेवा होता असं मला वाटलं.

इथे माझी चूक झाली. वय, नवं तंत्र, त्याची भीती, असा सरळ हिशेब मांडून मी त्यांना मुलीकडून टॅब शिकून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या भेटीत त्या खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मला टॅब येतो हो. वॉर्डात मीच सगळ्यांना शिकवला."

मग मी म्हटलं, तुम्हाला सगळ्यात वाईट वाटली ती एक रात्र सांगा. तासातासाने.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सांगायला लागल्या. बेड चारवर अर्धांगवायूचे एक आजोबा. पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. दोनला टॅब वाजला तेव्हा बेड सातचा पेशंट बिघडला होता. त्या तिकडे, मदतीचा ब्रदर औषध आणायला फार्मसीत आणि मावशी दुसऱ्या मजल्यावर. आजोबांपर्यंत पोचायला पावणेचार झाले. त्यांना वळवलं आणि टॅबवर दोनच्या रकान्यात 'केलं' दाबलं. ब्रदर शेजारीच होता. म्हणाला, "सिस्टर, खरी वेळ टाका ना, कारण लिहिता येतं." त्या त्याच्यावर खेकसल्या.

सकाळी स्पंजिंग करताना आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला. साधी लाली असती तर दाबल्यावर क्षणभर फिकी पडली असती. ही पडली नाही. म्हणजे तिथल्या कातडीला इजा व्हायला लागली होती. चार्ट मात्र स्वच्छ होता, त्यामुळे कुणी काही विचारलंच नाही. पुढे काळजी घेतल्यावर डाग गेला. सिस्टरांची झोप तेव्हापासून गेली होती.

अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये नर्सिंगबद्दल लिहिताना या दुखण्याला नाव दिलं. काय योग्य आहे ते माणसाला कळतं, पण ते करणं व्यवस्था जवळजवळ अशक्य करून ठेवते, तेव्हा होणारा नैतिक क्लेश. सिस्टरांना मी ते नाव सांगितलं. नावाने फारसा फरक पडत नाही, पण आपण वेड्या नाही एवढं कळतं.

फरक पडला तो त्यांच्या मेट्रनच्या आठवणीने. ट्रेनिंगला असताना त्या बाई राउंडला आल्या की चार्ट नंतर बघायच्या, आधी पेशंटची चादर उचलायच्या. "पाठ बघितलीस का गं?" हा एकच प्रश्न. केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांचा विषय सिस्टरांनीच काढला. नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच झालेल्या हल्ल्याने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांना बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही, हे मुंबईतली प्रत्येक नर्स स्वतःच्या घरचं असल्यासारखं सांगते.

मी विचारलं, "मग दोनला टॅब वाजतो, तो काय विचारतो?"

"पाठ बघितलीस का," त्या म्हणाल्या. आणि रडल्या.

राजीनाम्याचा विषय मी मुद्दामच बाजूला ठेवला. ज्यांना कागदपत्रांचा खरंच वीट आलाय त्यांनी खुशाल दुसरं काम बघावं, पण यांचं दुखणं कागदाचं नव्हतं, खोट्या सहीचं होतं. आम्ही एका वाक्याची तालीम केली: 'दोनचं वळवणं पावणेचारला केलं, बेड सातचा पेशंट बिघडला होता, हाताशी कुणी नव्हतं.' पुढच्या वेळी असं झालं की जसं घडलं तसं लिहायचं, उशिराची नोंद म्हणून, आणि घटना-नोंदीचा फॉर्म भरायचा. त्यांच्या डोक्यात तो फॉर्म म्हणजे कबुलीजबाब होता. खरं तर रात्री माणसं कमी पडतात हे सांगणारा हाती असलेला लेखी पुरावा तोच, आणि प्रत्येक जण 'केलं' दाबत राहिला तर कागदावर माणसं पुरेशीच दिसणार.

महिन्याने आल्या. दोनदा फॉर्म भरला होता. मेमो आला नाही, पण इनचार्ज चार दिवस फुगून बसली, "ऑडिटच्या तोंडावर हे काय काढलंत?" रात्रीचा स्टाफ वाढलेला नाही. झोप थोडी बरी, पित्त तसंच. ब्रदरशी बोलणं सुरू झालंय. आजोबा घरी गेले, आता बेड चारवर एक आजी आहेत. त्यांना दोघं मिळून वळवतात, तो खांद्याकडून, या कमरेकडून, आडवी चादर धरून. मग या टॉर्च मारून पाठ बघतात, आणि टॅब तो भरतो.

"राजीनामा?" मी विचारलं.

"पर्समध्ये आहे अजून," म्हणाल्या, आणि फास्ट चुकेल म्हणून चहा अर्धा टाकून उठल्या.