दिल्लीत सूफी अध्यात्म, उर्दू साहित्य आणि कला एकत्र अनुभवायला कुठे जावं? मुस्लिम नसलेल्यांना चालतं का?

चालतं, अगदी बिनधास्त जा. निजामुद्दीन बस्ती गाठा, तीही गुरुवारी संध्याकाळी.

तिथल्या दर्ग्यात सूफी संत हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य, कवी अमीर खुसरो, दोघांच्याही कबरी आहेत. दोघंही 1325 सालीच गेले. रिवाज असा की आधी खुसरोंना सलाम करायचा, मग औलियांना. अंगणात कव्वाल जमिनीवर बसतात, समोर लोक दाटीवाटीने. एखादी ओळ कुणाला भिडली की कव्वाल तीच ओळ पुन्हापुन्हा घोळवतात. रेकॉर्डिंगमध्ये ही मजा नाही. डोकं झाकायला रुमाल न्या. बायकांना मुख्य कबरीच्या आत प्रवेश नाही, मला ते खटकतं. पण कव्वाली सगळ्यांना ऐकता येते.

त्याच आवारात शाहजहानची मुलगी जहांआरा हिची कबर बघाच. संगमरवरी जाळ्यांच्या आत, वर छत नाही आणि कबरीवर चक्क गवत. तिची इच्छाच तशी होती.

साहित्यासाठी दर्ग्याजवळच उर्दू शायर गालिबची मजार (कबर) आणि शेजारी गालिब अकादमी आहे. मुशायऱ्यांची, म्हणजे शायरीच्या मैफलींची, चौकशी तिथेच करा. उर्दू लिपी येत नसली तरी अडत नाही, कानाला बरंच कळतं. वास्तुकला बघायची तर रस्ता ओलांडला की हुमायूनचा मकबरा.

जमलं तर वसंत पंचमीच्या सुमारास जा. दर्ग्यात पिवळे कपडे, मोहरीची फुलं आणि खुसरोंची वसंतगीतं. गर्दी मात्र तुफान असते, पाकीट सांभाळा.