मानवशास्त्रात यायचंय? आधी पाड्यावर जा

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या एम.ए.चं नंतर बघू. आत्ता दोनच गोष्टी कर.

१. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या वारली आदिवासी पाड्यावर ओळखीतून जा. पहिल्याच भेटीत प्रश्नावली काढू नकोस. चहा घे, भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतर. माणसं मग आपणहून बोलतात, आणि तेच बोलणं खरं कामाचं.
२. टिपणं त्याच रात्री लिही. सकाळपर्यंत निम्मं विसरतं.

नवशिके हमखास चुकतात ते इथे: एका आजोबांचं बोलणं म्हणजे अख्ख्या वारली समाजाचं मत धरतात. बायकांना विचारलंस का? आणि परवानगीशिवाय फोटो कधीच नको.

नोकऱ्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणात, आदिवासी संशोधन संस्थेत, आरोग्य प्रकल्पांत मिळतात. जागा थोड्याच असतात, तरी तू जरूर ये.