मोठ्या परीक्षेच्या तयारीत मित्रांची खरोखर मदत होते, की सगळे सोडून एकट्याने अभ्यास करावा?

घरची परिस्थिती बेताची असताना सी.ए.सारखी परीक्षा द्यायची, तर मित्रांची खरोखर मदत होते की त्यांना दूर ठेवून एकट्यानेच अभ्यास करावा, आणि अभ्यासाला एकत्र बसायचेच झाले तर किती जणांनी बसावे, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: दोघांनी. तिसरा आला की तो चहाला चला म्हणतो. पहिल्या प्रश्नावरून मात्र माझे आणि माझ्या सख्ख्या मामांचे गेली बारा वर्षे वाकडे आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि आई घरी विड्या वळायची. माझ्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सी.ए.च्या कार्यालयातल्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षी, २०११ मध्ये, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घर आईच्या मजुरीवर आले. ही मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि विड्या वळण्याआधी पाने कातरून ठेवावी लागतात. तिचा हा वेळ वाचावा म्हणून रात्री जेवणानंतर पाने कातरायला मी बसू लागलो. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, त्याच्या कडेने कात्री फिरवायची, शिरा जाड असेल तर पान बाजूला टाकायचे. काम अवघड नाही, पण हात आणि डोळे दोन्ही अडकतात आणि पुस्तक उघडता येत नाही.

धीर द्यायला त्या दिवसांत पुष्कळ माणसे आली. माझ्याबरोबर त्याच कार्यालयात आर्टिकल असलेला माझा मित्र ऑडिटचे पुस्तक घेऊन आला. त्याच्या वडिलांचा टॉवेलचा लहानसा कारखाना होता, घर दोन गल्ल्या पलीकडे, घरात तेलुगू. तो आमच्या उंबऱ्यावर बसून लेखापरीक्षणाची मानके एकेक करून मोठ्याने वाचत असे आणि मी कात्री चालवत ऐकत असे. मानक क्रमांक ५७०, म्हणजे एखादा व्यवसाय पुढे चालू राहील की नाही याचा अंदाज लेखापरीक्षकाने कसा घ्यावा, हे त्याने वाचायला घेतले त्या रात्री आम्ही दोघांनी एकदमच घरात नजर फिरवली आणि हसू आवरेना. आईला काहीच कळले नाही. पुढे पुढे तोही एका हाताने पाने कातरू लागला, तेव्हा आईने त्याला बजावले, की अशा पानांच्या विड्या कारखान्यातला चेकर एक नजर टाकून परत पाठवील.

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. तेव्हा चार-पाच दिवसांनी नळ यायचा आणि तोही पुष्कळदा मध्यरात्री. पूर्वी वडील उठायचे. माझ्या परीक्षेच्या महिन्यात आमची दोन्ही पिंपे सकाळी भरलेली असत आणि ती आईने भरली असे मी समजत होतो. ती मित्राने भरली होती, हे परीक्षा संपल्यावर आईनेच सांगितले.

इतके करूनही नोव्हेंबर २०१२ च्या परीक्षेत मी पहिल्या ग्रुपमध्ये, म्हणजे परीक्षेच्या दोन भागांपैकी पहिल्यात, नापास झालो. चारही पेपरांत चाळीसच्या वर गुण होते, पण तेव्हा एकूण चारशेपैकी दोनशे लागत आणि मला १९३ मिळाले. एकाही पेपरात साठ नव्हते, म्हणजे पुढच्या वेळी एखादा पेपर पुन्हा न देण्याची सूट मिळण्याचीही सोय नाही. ‘घरी एवढे संकट, त्यात मुलगा करणार तरी काय,’ असे सगळे म्हणाले आणि ते मला ऐकायला बरे वाटले. मित्राने गुणपत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाला, ‘हे सात गुण घरच्यामुळे गेलेले नाहीत. तू नुसता वाचतोस, लिहीत नाहीस.’ मी नऊ दिवस त्याच्याशी बोललो नाही. दहाव्या दिवशी त्याने मला त्यांच्या कारखान्यात नेले. त्या दिवशी सुट्टी असल्याने माग बंद होते. टॉवेलच्या गठ्ठ्यावर पाट ठेवून त्याने मला जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवले आणि तीन तास पूर्ण होताच, वाक्य अर्धे असतानाच, उत्तरपत्रिका हातातून ओढून घेतली. एप्रिलपर्यंत त्या पत्र्याच्या शेडमध्ये दर सुट्टीला हे चालले. शेवटी शेवटी कोपराला घामाने कागद चिकटत असे. मे २०१३ मध्ये पहिला ग्रुप सुटला आणि त्यानंतरच्या परीक्षेत दुसरा.

आता मामांविषयी. त्यांच्या मते दोस्तीने कुणाचे पोट भरत नाही आणि मोठी कामे माणूस एकट्यानेच करतो. दाखला म्हणून ते नेहमी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पुढे करतात. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. त्यावर मामांचे उत्तर ठरलेले असते: बाकीचे चौघे परत आले, कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, म्हणून नाव त्यांचे झाले. यात तथ्य नाही असे नाही. पण परक्या देशात, परक्या भाषेत, युद्धाच्या धुमाळीत काम सुरू करताना बरोबर आपली चार माणसे असणे म्हणजे काय, हे ज्याने बारावीनंतर कुणाकडे वहीसुद्धा मागितली नाही त्याला कळणे कठीण आहे. (मामा हे वाचणार आहेत. वाचू देत.)

खरे भांडण कोटणीसांवरून नाहीच. माझा मित्र सी.ए. झाला नाही. तीन प्रयत्नांनंतर त्याने परीक्षा सोडली आणि तो वडिलांच्या कारखान्यात बसला. माझ्या बहिणीच्या लग्नात, पंगतीत, चार लोकांदेखत मामा म्हणाले, की त्या पोराचा बळी देऊन आमचा भाचा सी.ए. झाला. तेव्हा मी पानावरून उठून गेलो आणि आजही मला ते म्हणणे मान्य नाही. मित्राला कर्जाची, सुताच्या दराची आणि गिऱ्हाइकाची जी जाण आहे ती माझ्यात नाही, आणि आज त्याच्याकडे तेव्हाच्या दुप्पट माग आहेत. तरीही तुम्ही विचारलेच आहे म्हणून एक गोष्ट लपवत नाही: त्या शेडमध्ये उत्तरपत्रिका लिहिणारा नेहमी मी होतो आणि घड्याळ पाहणारा नेहमी तो. पाट आणि घड्याळ आम्ही आलटून पालटून घ्यायला हवे होते, हे तेव्हा मला सुचले नाही आणि तो कधी बोलला नाही. तुम्ही दोघे बसाल तेव्हा एवढे मात्र पाहा.

शिवाय सगळेच मित्र असे नसतात. माझेही तीन-चार जण होते, ते पार्क चौकात भेटायचे आणि रात्री अकराला घरी सोडायचे. त्यांना मी खरोखरच सोडले. म्हणजे त्या बाबतीत मामा बरोबर होते, असे म्हणावे लागेल.

हे लिहिण्याआधी मी मित्राला फोन करून परवानगी मागितली. तो म्हणाला, की हवे ते लिही, पण ते पाण्याचे लिहू नकोस, कारण त्याच्या घरी ते अजून कुणालाच माहीत नाही. आपला मुलगा तेव्हा पहाटेपर्यंत अभ्यास करत होता, असेच त्याच्या वडिलांना वाटते.