लाइनवाला पोरगा ओळखायचा कसा?

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट असतो (टीम्स राउंड-राउंडने कॉलेजची पोरं निवडतात) आणि त्याच्या आधी दरवर्षी तुमचे प्रश्न वाढतात, पण यावेळी गंमत अशी की बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल कोणी फारसं विचारलंच नाहीये, सगळ्यांना त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पाच धिप्पाड पोरांबद्दल विचारायचंय, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. मला तर बरंच वाटलं. त्या पाच जणांचं नाव टीव्हीवर फक्त फाउलचा फ्लॅग पडला की येतं बिचाऱ्यांचं.

प्रश्न: सर, मी रात्री जागून मॅच बघतो. ऑफेन्सिव्ह लाइनचं काम म्हणजे समोरच्याला ढकलायचं, एवढंच ना? मग ३०० पाउंडाचा कुठलाही दणकट गडी चालायला पाहिजे. तरी एकच पोरगा एका टीमला पहिल्या राउंडला हवा असतो आणि दुसरीला अजिबात नको असतो, असं का? (वाचक, पुणे)

उत्तर: कारण ढकलायचं कसं हे प्रत्येक टीमचं वेगळं असतं हो. ढोबळ मानाने दोन पद्धती धरा. एक गॅप स्कीम, म्हणजे पॉवर, काउंटर वगैरे. यात ज्या बाजूने पळायचंय त्या बाजूचे लाइनमन समोरच्यांना आत दाबतात, दोघं मिळून एकाला मागे रेटतात आणि पलीकडचा गार्ड लाइनच्या मागून धावत येऊन भगदाडात घुसतो, जो दिसेल त्याला उडवतो. याला गार्डने पुल करणं म्हणतात. दुसरी झोन, त्यातही आउटसाइड झोन बघा. यात पाचही जण एकदम एकाच दिशेला आडवे सरकतात, जो आपल्या वाटेत आला त्याला धरायचं, कोणी नाही आलं तर शेजाऱ्याला खांदा द्यायचा आणि मग त्याला सोडून पुढच्या लाइनबॅकरवर (समोरच्यांच्या दुसऱ्या फळीतला गडी) जायचं. कबड्डीत साखळी करून सरकतात ना, तसंच, एकाचा पाय मागे राहिला की साखळी तुटली आणि प्ले (ती चाल) गेला.

आता सांगा, या दोन कामांना एकच माणूस कसा चालेल? दहीहंडीत खालच्या थराचा गडी आणि वर चढणारा गोविंदा दोघंही गोविंदाच, पण अदलाबदल करून बघा बरं. गॅपवाल्या टीमला वजन पाहिजे, कमरेत जोर पाहिजे, समोरचा तीन यार्ड मागे गेला पाहिजे. झोनवाल्यांना पहिलं पाऊल पाहिजे. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिला, की पहिलं पाऊल बाजूला किती पडतं, कंबर वळते का, आणि समोरचा बाहेरच्या खांद्याला असेल तर हा त्याच्या पलीकडे पोचून त्याला आत अडकवू शकतो का, याला रीच ब्लॉक म्हणतात आणि हा जमणारी पोरं खरंच कमी असतात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण डेन्व्हर ब्रॉन्कोज. माइक शॅनहन हेड कोच आणि अॅलेक्स गिब्ज लाइनचा कोच, १९९५ पासून. लीगमधल्या हलक्या लाइन्समध्ये त्यांची गणना व्हायची, लोक हसायचे. सेंटर टॉम नेलन १९९४ ला सातव्या राउंडला घेतलेला. रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, टेरेल डेव्हिस सहाव्या राउंडचा, त्याने १९९८ मध्ये २००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला तर ओलांडिस गॅरी नावाचा नवा पोरगा आला, त्याने ११५९ काढले. २००० मध्ये माइक अँडरसन आला, तोही नवाच, डेव्हिससारखा सहाव्या राउंडचा, त्याने १४८७. पळणारा बदलत गेला पण यार्ड येत राहिले, तेव्हा लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला की माल लाइनमध्ये आहे. (त्यांच्या कट ब्लॉकवर, म्हणजे पायात घुसून पाडण्यावर, समोरच्या टीम्स जाम चिडायच्या, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. उंच पकडलेल्या माणसाच्या पायात दुसऱ्याने घुसायचं, तो चॉप ब्लॉक २०१६ पासून पूर्ण बंद झालाय.)

दुसरं नाव जेसन केल्सी. कॉलेजात आला तेव्हा लाइनमन नव्हताच, बॉल घेऊन पळायला आला होता. २०११ च्या ड्राफ्टला वजन २८० च्या आसपास, सेंटरसाठी फारच कमी, म्हणून सहाव्या राउंडपर्यंत पडून राहिला, १९१ वा नंबर. पण ईगल्सकडे हॉवर्ड मड म्हणून लाइन कोच नुकताच आलेला आणि त्याला छोटी चपळ पोरंच हवी होती. झालं. पुढे १३ सीझन त्याच टीममध्ये, एक सुपर बोल. नुसती ढकलाढकली करणाऱ्या टीमने घेतला असता तर दोन वर्षांत घरी गेला असता असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

तेव्हा पोरगा चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, आपल्या प्लेबुकमधले रोजचे पाच-सहा प्ले कुठले आणि त्यातलं त्याचं काम तो करू शकतो का, हे विचारा. आणि पुण्याची झोप सांभाळा.

प्रश्न: प्रत्येक मॉक ड्राफ्टमध्ये (कोण कुठे जाईल याच्या अंदाजात) हाताची लांबी! ३४ इंच असेल तर टॅकल, नाहीतर गार्ड. हे जरा अतीच होत नाही का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: होतं. पण अगदीच वेडेपणा नाहीये तो. पास प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक पास फेकेपर्यंत त्याला वाचवताना, टॅकल बाहेर एकटा असतो, समोर कडेने धावत येणारा एज रशर असतो, दोघांत जो दुसऱ्याच्या छातीला आधी हात लावेल तो जिंकतो, मग दोन इंच कमी म्हणजे तो आधी पोचला. गार्डच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात त्यामुळे तिथे भागतं. झॅक मार्टिन कॉलेजात टॅकल होता, २०१४ ला १६ व्या नंबरवर डॅलसने घेऊन गार्ड केला आणि नऊ वेळा प्रो बोलसाठी (लीगच्या ऑल-स्टार मॅचसाठी) निवडला गेला, म्हणजे हलवणं ही शिक्षा नसते हे पण लक्षात घ्या.

पण दुसरी बाजू बघा. जो थॉमस, हात साडेबत्तीस इंच, २००७ ला तिसऱ्या नंबरवर क्लीव्हलंडने घेतला (ड्राफ्टच्या दिवशी हा बाबा वडिलांसोबत मासे पकडायला गेला होता), त्याने सलग १०३६३ स्नॅप एकही न चुकवता लेफ्ट टॅकल खेळला आणि हॉल ऑफ फेमला गेला. २०२५ ला विल कॅम्पबेलच्या हातांवरून इतका गदारोळ, कॉम्बाइनला (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांना) साडेबत्तीसच्या थोडेसेच वर, तरी पेट्रियट्सनी चौथ्या नंबरवर घेतलाच. उलट ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, २०१८. हात भरपूर लांब, पण कॉम्बाइनला ४० यार्ड पळायला ५.८५ सेकंद आणि बेंच प्रेस फक्त १४ वेळा. लोकांनी थेट फुली मारली, घसरून तिसऱ्या राउंडला रेव्हन्सकडे गेला आणि पुढे चारदा प्रो बोल. त्याची कॉलेजची टेप बघितली असती तर कळलं असतं की त्याला वळसा घालून जायचं म्हणजे बसला ओव्हरटेक करण्यासारखं.

माझा नियम सांगू? आधी टेप, मग टेप-मेजर. आणि ४० यार्डाचा आकडा तर सोडूनच द्या, लाइनमन मॅचमध्ये ४० यार्ड पळतो कधी? पहिल्या १० यार्डांची वेळ बघा आणि शॉर्ट शटल बघा, म्हणजे थांबून वळून परत सुटायला किती वेळ लागतो. झोन खेळायचं असेल तर या दोन आकड्यांना खरंच अर्थ आहे.

प्रश्न: नमस्कार साहेब, आमच्या तालमीतला पैलवान तिकडं खेळंल का? (कोल्हापूर)

उत्तर: हसण्यावारी नेऊ नका, हा प्रश्न तिकडचे स्काउट पण विचारतात. स्टीफन नील म्हणून एक मल्ल होता, १९९८ आणि ९९ ला अमेरिकेतला कॉलेज चॅम्पियन, १९९९ ला फ्रीस्टाइलचा वर्ल्ड चॅम्पियन, कॉलेजात फुटबॉल एक मॅच खेळला नाही आणि पुढे पेट्रियट्सचा गार्ड झाला. ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना आयोवात राज्याची कुस्ती जिंकलेला. कुस्तीवाल्याला काय येतं, तर समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते हाताला कळतं, आणि स्वतः खाली बसून राहायचं कसं ते मांड्यांना कळतं. जोर-बैठका वाया जात नाहीत. फक्त पकड सोडायला शिकावं लागेल, बाहेरून जर्सी धरली की होल्डिंग, १० यार्ड मागे. आणि शिकायला वेळ द्यावा लागेल, जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातून रग्बी खेळत आला होता, २०१८ ला सातव्या राउंडला ईगल्सनी घेतला, तेव्हा एक मॅच खेळलेला नव्हता, लेफ्ट टॅकलची जागा मिळायला दोनेक वर्षं गेली.

प्रश्न: दादा, आम्ही टेक्ससला असतो. मुलगा सोफोमोर (दहावीत) आहे, सहा फूट, २१० पाउंड, गार्ड खेळतो. पाय खूप चपळ आहेत असं सगळे म्हणतात पण कोच म्हणतात पुढच्या सीझनपर्यंत ३० पाउंड वाढव. सासूबाई खूश आहेत, रोज तूप. मला काळजी वाटते. (एक आई)

उत्तर: ताई, तुमची काळजी बरोबर आहे. पहिलं म्हणजे डॉक्टर, कोच नंतर. वाढत्या वयाच्या पोरावर एका वर्षात ३० पाउंड चढवले तर त्यातलं ताकदीचं किती आणि पोटाचं किती हे तुम्हाला बघायला लागेल, आणि पावडरी-गोळ्यांपासून तर चार हात लांबच ठेवा. टोनी मँडरिच म्हणून होता, १९८९ ला दुसऱ्या नंबरवर गेला, डोंगरासारखा, त्याच्या मागचे तीन नंबर बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, तिघंही हॉल ऑफ फेम, आणि हा तीन सीझनमध्ये ग्रीन बेमधून बाहेर. स्टिरॉइड घेत होतो असं पुढे त्याने स्वतःच सांगितलं.

मग कोचना एकदा शांतपणे विचारा की सर, आपण रनचे प्ले कुठले जास्त खेळतो. पॉवर आणि डबल टीम (दोघांनी मिळून एकाला रेटणं) असं उत्तर आलं तर वजन मागणं समजण्यासारखं आहे, पण मग चपळ पायाच्या पोराला पुल करायला लावा असं म्हणता येईल. आउटसाइड झोन म्हणाले तर ३० पाउंडांनी त्याचं जे चांगलंय तेच जाईल. आणि सहा फुटाचा पोरगा पुढे कॉलेजला खेळायचं म्हणाला तर सेंटरचा स्नॅप आत्तापासून शिकून ठेवू दे, बॉल नीट मागे देता आला की कमी उंचीच्या पोराला जागा मिळते. सासूबाईंना तूप चालू ठेवू द्या, थोडं कमी.

प्रश्न: घरी टीव्हीवर बघताना लाइनमन कसा जोखायचा? (सांगली)

उत्तर: बॉल बघायचा नाही, बस. एकच पोरगा पकडा, सलग दहा प्ले त्याच्यावरच नजर ठेवा. डोकं खाली घालून कमरेतून वाकतोय की गुडघ्यातून बसतोय ते बघा, कमरेतून वाकणारा हमखास तोंडावर पडतो. पहिला धक्का बसल्यावर पाय चालू राहतात का थांबतात ते बघा. आणि स्नॅपच्या आधी जमिनीवर टेकलेला हात बघा. माझा भाचा इथे शाळेच्या टीममध्ये राइट गार्ड आहे, गेल्या वर्षी मी साइडलाइनला उभा होतो तर रनचा प्ले असला की त्याची बोटं पांढरी पडायची, सगळा भार हातावर, आणि पासचा असला की हात नुसता गवताला टेकलेला. मला हे कळायला दुसरा क्वार्टर लागला. समोरच्या लाइनबॅकरला बहुतेक पहिल्यालाच कळलं होतं.