वेळेवर बाहेर ये

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा आमच्याकडे आलास, तुझ्या आइस हॉकीच्या सामन्याचा व्हिडिओ लावून मोबाइल हातात दिलास आणि म्हणालास, "सर, कोचने अख्खा सीझन मला चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळवतात त्या तुकडीत, का ठेवलं तेच कळत नाही." तुला वाटलं मी तुझा गोल बघतोय. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होतो. तुझी ती शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंत सलग बर्फावर राहिलास तो वेळ, 1 मिनिट 40 सेकंदांची होती. पहिली 40 सेकंदं गुडघे वाकलेले, स्टिक बर्फाला टेकलेली. मिनिटभराने तू ताठ उभा, स्टिक एका हातात, आणि बर्फावरून नुसता घरंगळत होतास. त्यांचा विंगर तुझ्या बाजूने निघून गेला. मग त्यांचा गोल पडला, तिथपर्यंत व्हिडिओ तू दाखवलाच नाहीस. मीच पुढे सरकवून बघितला.

वेळेवर बाहेर ये. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचीच उजळणी.

पूर्ण जोर लावून स्केटिंग केलं की 45 सेकंदांच्या आसपास मांड्या भरून येतात. हा शरीराचा हिशेब आहे, जिद्दीचा नाही. म्हणून तर हॉकीत खेळ चालू असताना बदली करू देतात. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, आपला गोल आपल्या बाकापासून लांब जातो. तिकडे अडकलास की दमल्या पायांनी परत यायचं अंतरही वाढतं. घाबरून आपल्या अर्ध्यातून पक (ती रबरी चकती) थेट पलीकडच्या टोकाला फेकलास तर आयसिंग नावाची चूक ठरते, आणि मोठ्या लीगमध्ये आयसिंग केलेल्या संघाला बदलीही मिळत नाही. तेच पाच दमलेले गडी पुन्हा फेसऑफला, म्हणजे खेळ परत सुरू करायला. तुला हे पाठ आहे रे! मग करतोस काय?

म्हणालास, "बाहेर आलो की परत कधी पाठवतील भरवसा नाही, म्हणून मिळालंय तेवढं खेळून घेतो." पंगतीत शेवटची जिलबी ओढणाऱ्याचा हिशेब आहे हा. तिकडे परक्या घरी राहतोस, रात्रीअपरात्री बसने सामन्यांना जातोस, आईचा फोन आला की सगळं छान चाललंय म्हणतोस. एकटेपणात असली हाव सुटते, मला कळतं. कोचला मात्र फक्त घड्याळ दिसतं.

तुझा मामा म्हणणार, खरी हॉकी मैदानावरची, आपल्या खडकीची, धनराज पिल्लेची. बरोबर आहे. चार ऑलिंपिक खेळला तो माणूस. पण त्याचं नाव सांगून कुणी तुला 'मैदान सोडू नकोस' असं शिकवलं, तर ऐकू नकोस. तो दम वेगळा, हा वेगळा.

आता माझं ऐक. तुझ्या आईला मी सिमेंटच्या कोर्टावर चार चाकांच्या स्केट्सवर उभं केलं, त्याच्याही आधीची गोष्ट. रोलर हॉकीचा सामना, आम्ही 3-2 ने पुढे, शेवटची पाच मिनिटं. बाकावरचा एक पोरगा स्टिक आपटून मला बोलावत होता. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. माझाच माणूस मला चुकवून गेला, 3-3 झाले, मग हरलो. त्या पोराने पुढच्या वर्षी स्केट्स विकले. आता नारायण पेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी गेलो की चहा मागवतो. त्या सामन्याचं कधी काढत नाही. त्याने एकदा काढावं असं मला फार वाटतं.

लोक म्हणाले, ह्याला स्वतःचीच पडलेली. तसं नव्हतं. त्या संघात मीच सगळ्यात चांगला होतो, आजही म्हणेन. पहिली 50 सेकंदं.

पुढे कोचिंगलाही मी असाच चिकटून राहिलो, चार वर्षं जास्तच. तेव्हा दुसरं कुणी तयारच नव्हतं, हेही खरं... म्हणजे मी तयार होऊ दिलं नव्हतं. जाऊ दे. पत्र तुझ्यासाठी आहे.

तुझं वय 17. ज्युनियरमध्ये अजून वर्षं आहेत, त्यामुळे चौथ्या लाइनचं रडगाणं बंद कर. पुढच्या सीझनला मला गोलचा व्हिडिओ पाठवू नकोस. बाकाकडे परत येतानाचा पाठव, न कापता. त्यात तुझे गुडघे वाकलेले दिसले पाहिजेत.

तुझा,
सर