डॉक्टरांची फेरी आणि आश्रमाची वही

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वृद्धाश्रमात 30 आजी-आजोबा आहेत. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. एरवी आमचे फोन घेऊन तेही थकतात. काय करावं?

उत्तर : फोनआधी बीपी, नाडी, ताप, साखर वहीत लिहा. नुसतं ‘आजीला बरं नाही’ म्हटल्यावर डॉक्टर काय सांगणार! मधुमेही माणूस अचानक बरळू लागला तर साखर बघा. 70च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 लावा. उन्हाळ्यात फार जपा : पारा 45वर, पाणी पिणं कमी, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालूच, पहाटे उठताना चक्कर येते, खुब्याचं हाड मोडतं. मार्चमध्येच डॉक्टरांकडून प्रत्येकाच्या गोळ्या तपासून घ्या; मनाने बंद करू नका.